रक्तातले चिंचोके

१९ जानेवारी

आज सकाळी गोठा आटोपला, अंघोळ केली, देवांना गंध-फूल वाहिलं, पोथीचा अध्याय वाचला, आणि मग ज्ञानूच्या रक्ताचा कागद घडी करून देव्हाऱ्यातल्या तांदळाच्या वाटीखाली ठेवला. असं का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्याकडे लग्न ठरलं की पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. हा कागद पत्रिकेच्या अगदी उलटा आहे. तरी देवाला आधी कळू दे, असं वाटलं.

दूध संस्था दरवर्षी ही डायरी देते. मी तिच्यात गाई विण्याच्या तारखांखेरीज काही लिहीत नाही. यंदा लिहावं लागेल असं दिसतं. बाहेर बोललं तर गावभर होईल.

ज्ञानू, म्हणजे माझी ज्ञानेश्वरी, संगमनेरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीआधी कॉलेजात रक्तदानाचं शिबिर झालं. तिथं तिला सांगितलं, तुझंच रक्त कमी आहे, तू काय देतेस! मग हिने, म्हणजे ज्ञानूच्या आईने, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे यांचा मारा केला. लोहाच्या गोळ्या झाल्या. रक्त काही वाढेना. संगमनेरच्या डॉक्टरबाईंनी वेगळीच तपासणी करायला लावली आणि काल आम्हाला बसवून सांगितलं, "थॅलेसेमिया मायनर."

मी विचारलं, "किती दिवसांत बरं होईल?"

"हा आजार नाही काका. ही फक्त वाहक आहे. म्हातारी होईपर्यंत ठणठणीत राहील. लोहाच्या गोळ्या मात्र बंद करा. आणि एक लक्षात ठेवा, जिथं लग्न ठरेल त्या मुलाचं रक्त आधी तपासा. दोघंही वाहक निघाले तर होणाऱ्या लेकराला मोठा आजार होऊ शकतो."

ज्ञानूने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं.

कारण तिचं लग्न ठरलेलंच आहे. देवळाली प्रवरेला दिलेली माझी थोरली बहीण छबूबाई, आमची अक्का, तिच्या करणशी. ज्ञानू पाळण्यात होती तेव्हाच आमच्या आईने, बनुबाईने, शब्द दिला होता. चैत्रात सुपारी फोडायची आहे. आई गेली, शब्द राहिला. अक्काला दुसरं काही नको आहे. फोन केला की तिचं पहिलं वाक्य असतं, "माझी सून काय करती?"

२२ जानेवारी

आज ज्ञानूला म्हटलं, मला हे नीट समजावून सांग. मी दहावीपर्यंत शिकलो, पण तेव्हाचं विज्ञान म्हणजे बेडकाचं चित्र. बेडूक आठवतो, बाकी काही नाही.

ती म्हणाली, "नाना, आपला दुधाचा टेम्पो धरा. रक्तात तांबड्या पेशी असतात, त्या म्हणजे टेम्पो. टेम्पोत कॅन असतात, ते हिमोग्लोबिन. आणि कॅनमध्ये जे भरतात तो प्राणवायू. फुफ्फुसात भरायचा, अंगभर वाटायचा, रिकामे कॅन घेऊन परत."

"आणि तुझं काय बिघडलंय?"

"माझे टेम्पो लहान आहेत. कॅन कमी बसतात. पण संख्येनं टेम्पो जास्त आहेत, म्हणून माझं भागतं."

"मग लोह?"

"लोह म्हणजे कॅनचा पत्रा. माझ्याकडे पत्रा भरपूर आहे. कॅन बनवायचा साचा अर्धा बिघडलाय. तुम्ही आणि आई आपले पत्रा आणून टाकताय."

हिने आतून विचारलं, "मंग बीट नको का आता?" ज्ञानू म्हणाली, "बीट राहू दे, गोळ्या नको." "बरं झालं, ढीगभर आणून ठेवलंय," ही म्हणाली.

रात्रंदिवस एवढे टेम्पो आपल्या आत धावतात आणि एकाचाही आवाज येत नाही. पोथी वाचताना आज मध्येच मनगटावर बोट ठेवून बसलो. अध्याय अर्धाच झाला. देव रागावला नसेल.

२ फेब्रुवारी

देवळालीला अक्काच्या भावकीत बारसं होतं. अक्काला सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो.

अक्काचे यजमान गहिनीनाथ दाजी ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मला बघून म्हणाले, "आलं का मेव्हणं! दूधवाल्याला रस्ता घावला म्हनायचा."

"उसाच्या ट्रॉल्या मोजत आलो दाजी."

"मोजा, मोजा. सुपारीच्या वक्ताला त्याच ट्रॉलीत वऱ्हाड घालून आना."

दाजी एवढंच बोलतात. एक टोमणा, की दिवसभराचा कोटा संपला. पण माणूस वाईट नाही.

बारशाला अक्का मागच्या चुलीपाशीच होती. शिऱ्याची परात, भाताचा हंडा, सगळं तिच्या अंगावर. पाळण्याकडे बायका गोळा झाल्या तेव्हा मी म्हटलं, "अक्का, चल की बाळ बघायला." ती म्हणाली, "तू बघ. माजे हात खरकटे हायेत." पुढे बाळाच्या आईने दुधाची वाटी मागितली, तर अक्काने भरलेलं पातेलंच दुसरीच्या हाती दिलं. तिला कामाची अशी हौस आहे, बारसं बघायलाही फुरसत नसते.

करणही नागापूरच्या एमआयडीसीतून सुट्टी काढून आला होता. त्याचं कंपनीत बरं चाललेलं दिसतं. सारखे फोन येत होते आणि प्रत्येक वेळी तो गोठ्यामागे जाऊन बोलत होता. परतला की तोंडावर हसू. साहेब खूश असावेत.

निघताना अक्काने ज्ञानूसाठी हिरवं लुगड्याचं कापड दिलं. "सुपारीला हेच नेसव." मी काही न सांगता परत आलो.

६ फेब्रुवारी

जनुक. हा शब्द आज कळला. प्रत्येक गोष्टीचा साचा आपल्यात दोनदा असतो, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. ज्ञानूचा एक साचा चांगला, एक बिघडलेला. चांगल्यावर काम चालतं. दोन्ही बिघडलेले आले, की मोठा आजार, थॅलेसेमिया मेजर. मग लेकराला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहावं लागतं.

"पण दोघं वाहक असले म्हणजे लेकरू आजारीच निघणार का?" मी विचारलं.

ज्ञानू कोनाड्यातून दोन फुटके चिंचोके घेऊन आली. लहानपणी सारीपाटाला घ्यायचो तसले, एका बाजूने काळे, एका बाजूने पांढरे. म्हणाली, "हा आईचा, हा बापाचा. काळी बाजू चांगला साचा, पांढरी बिघडलेला. टाका."

मी टाकले. एक काळा, एक पांढरा. "हे माझ्यासारखं." परत टाकले. दोन्ही काळे. "हे एकदम निरोगी." असे टाकत राहिलो आणि मग दोन्ही पांढरे पडले. तिने ते पटकन उचलून परत माझ्या हातात दिले.

मी म्हटलं, "म्हणजे चारांत एक. एक वाईट पडलं की पुढचे तीन सुटले."

"नाही नाना. चिंचोक्याला मागचं काही आठवत नसतं. दर खेपेला नव्यानंच पडतो."

हे मला दिवसभर पुरलं. चिंचोक्याला मागचं आठवत नाही. माणसं मात्र मागचं धरून बसतात, म्हणतात की पहिलं असं झालं म्हणजे हिच्या नशिबातच ते आहे. मी संध्याकाळी गोठ्यात बसून पुन्हा चिंचोके टाकले. ही वैरण घेऊन आली आणि म्हणाली, "आता म्हातारपनी सारीपाट का?"

१० फेब्रुवारी

माझं आणि हिचं रक्त तपासून आलं. हिचं स्वच्छ. वाहक मी आहे.

मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं ते नवल. माझे टेम्पो लहान, आणि पन्नास वर्षं त्यांनी ऊस तोडला, गाई सांभाळल्या, गड चढले, आणि मला एक शब्द सांगितला नाही. मला हे आईकडून आलं की वडिलांकडून, आता दोघांपैकी कुणालाच विचारता येणार नाही. म्हणजे माणूस जातो आणि त्याचं काहीतरी आपल्यात काम करत राहतं, चांगलंही आणि बिघडलेलंही. श्राद्धाला आपण पाण्याने तर्पण करतो. रक्तात ते रोजच चाललेलं असतं म्हणायचं.

मग लक्षात आलं, अक्का आणि मी एकाच आईबापांचे.

१५ फेब्रुवारी

कपिली माजावर आली म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी रेताची नळी काढली तेव्हा मी सवयीने विचारलं, "कोणत्या वळूचं आहे?" त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "तो नको. कपिली त्याचीच कालवड आहे. दुसरं द्या." त्यांनी मुकाट्याने दुसरी नळी काढली.

ते गेल्यावर ही गोठ्याच्या दारात उभी. म्हणाली, "गाईचं बरोबर ध्यानात ऱ्हातं तुमच्या."

एवढंच. मग शेणाची पाटी उचलून गेली.

डॉक्टरबाईंना नंतर फोनवर विचारलं, नात्यात देणं हेच चुकीचं का? त्या म्हणाल्या, तसं सरसकट नाही. पण एका घरातली माणसं म्हटली की तोच बिघडलेला साचा दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते. म्हणून तपासा. दोघं वाहक निघाले तरी लग्न अडत नाही, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. पण मग जो निर्णय घ्यावा लागेल तो सोसायची तयारी हवी, आणि तो त्या दोघांनी घ्यायचा, काकांनी नाही.

२० फेब्रुवारी

ज्ञानूने मला न विचारताच करणला फोन केला होता. त्याने नगरला तपासायला रक्त दिलं. तोही वाहक आहे.

संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "मामा, मी आनि ज्ञानू बोललोय. आमाला दोघांनाबी हे नको. तिला मी पाठुंगळी घेऊन फिरलोय, मामा. लई दिवस सांगायचं हुतं, पन आईपुढं तोंड उघडत न्हाई."

त्याचा आवाज एकदम हलका होता. ज्ञानूही परीक्षेच्या अभ्यासाला बसली आणि चक्क गुणगुणत होती. एवढा मोठा धक्का आजकालची मुलं किती शांतपणे पचवतात, याचं मला आश्चर्य वाटलं.

शेवटी करण म्हणाला, "आईला तुमीच सांगा. तिला वाटंल, मामानं शिकलेली पोरगी द्यायची न्हाई म्हनून बहाना काढला."

मलाही नेमकी तीच भीती आहे. आईबाप गेल्यावर मला रागावणारं एकच माणूस उरलं आहे. ते मला गमवायचं नाही.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना करणचा कागद दाखवला. त्यांनी विचारलं, "तुमच्या बहिणीचं एखादं मूल लहानपणी गेलं होतं का? पांढरं पडून, पोट फुगून?"

करणच्या आधी अक्काला मुलगी होती, रेश्मा. गोरीपान म्हणायचे, ते गोरेपण नव्हतं हे आज कळतं. चालायला लागली आणि वाळत गेली. पोट मात्र मडक्यासारखं. वैदू म्हणाला पाणथरी वाढलीय. नगरला दोनदा रक्त भरलं, की चार दिवस खेळायची. मग पुन्हा मलूल. तीन वर्षांचीही झाली नाही.

बाई म्हणाल्या, पाणथरी म्हणजे प्लीहा. म्हाताऱ्या झालेल्या पेशी मोडायची जागा. या आजारात पेशी मुळातच कच्च्या, म्हणून मोडण्याचं काम वाढतं आणि ती सुजते. वैदूचं बोट बरोबर जागेवर होतं, फक्त त्यामागचं कारण त्याला माहीत नव्हतं. "गेलेल्या मुलीबद्दल खात्रीनं सांगता येणार नाही. पण करण वाहक आहे म्हणजे आईबापांपैकी एकजण तरी नक्की आहे. मुलीला खरंच हा आजार असेल, तर दोघंही असणार. दोघांचं रक्त तपासा."

दोघंही. हा शब्द मी घरी येईपर्यंत घोळवत होतो.

२५ फेब्रुवारी

हिला रेश्माचं सांगितलं. म्हटलं, बिचारी अक्का, पुढे करणच्या वेळी तिला दूधही उतरलं नाही. आईने आपली तांबडी गाय पाठवली, मीच ती चालवत देवळालीला नेली. करण आमच्या गाईवर वाढला. म्हणून तर आईने ज्ञानूचा शब्द दिला.

ही माझ्याकडे बघतच राहिली. "दूध उतरलं न्हाई? कोन म्हनलं तुमाला?"

"आई म्हणायची."

"गड्यांना तसंच सांगितलं आसंल. वन्संचं लुगडं भिजायचं. भिंतीकडं तोंड करून पिळून टाकायच्या."

मग तिने सांगितलं. रेश्मा आजारी असताना अक्काच्या सासूने अक्काचं दूध वाटीत काढून घेतलं आणि त्यात मुंगी टाकली. मुंगी मेली. सासू म्हणाली, दूध बाधतंय, पोरीला आईच खातीय. रेश्मा गेली. करण झाला तेव्हा अक्काने स्वतःच त्याला छातीशी लावलं नाही. आमची ज्ञानू झाली, तेव्हा अक्का बाळंतिणीच्या खोलीपाशी आली, उंबऱ्यावर बसून हे सगळं हिला म्हणाली, आणि ज्ञानूला न शिवता उठून गेली.

"आणि तू मला आज सांगतेस?"

"बायकांचं हुतं ते. तुमी कदी इचारलं?"

बारशातली अक्का डोळ्यांसमोर आली. खरकटे हात. मी हौस समजत होतो.

१ मार्च

आज सकाळी कपिलीचं ताजं दूध वाटीत घेतलं आणि पायरीवरची एक मुंगी त्यात सोडली. ती थोडा वेळ हातपाय मारत राहिली आणि मग थांबली. दुसऱ्या वाटीत आडाचं पाणी घेतलं, त्यात दुसरी सोडली. तिचीही हालचाल तशीच मंदावली, पण तिला मी गवताच्या काडीने वर काढलं आणि उन्हात ठेवलं. बऱ्याच वेळाने मिशा हलवत चालू लागली.

पोथी वाचणाऱ्या माणसाने जाणून जीव घेतला. देवापुढे नाक घासलं. पण हे कुणीतरी त्याच दिवशी, त्याच ओट्यावर करून बघायला हवं होतं. एक वाटी पाणी लागलं असतं, बाकी काही नाही.

उद्या जातो म्हणतो.

९ मार्च

उद्याचे बरेच उद्या झाले. कपिलीला ताप, ज्ञानूची प्रॅक्टिकल, चारा कापायचा. सगळी कारणं खरी आणि सगळी खोटी. आज सकाळी कागद तांदळाच्या वाटीखालून काढून खिशात घातला आणि गाडीला किक मारली.

दाजी ओट्यावरच होते. "सुपारी घेऊन आला का मोकळंच?" म्हणाले. "मोकळाच," म्हटलं आणि आत गेलो. अक्का लसूण सोलत होती. मी शेजारी बसून चार पाकळ्या सोलल्या.

"अक्का, ज्ञानूचं आणि करणचं व्हायचं नाही."

तिने मान वर केली नाही. "शिकली म्हनून?"

"नाही. रक्तामुळं." आणि मग टेम्पो, कॅन, साचे, सगळं सांगितलं. खिशातले दोन चिंचोके काढून जमिनीवर टाकून दाखवले. दोषाची पांढरी बाजू तिच्यात असेल, दाजींच्यात असेल, माझ्यात तर आहेच, हे सांगितलं. पोरांनी आपसात ठरवलंय, हेही सांगितलं. ती लसूण सोलत राहिली.

"म्हंजी आईचा शबुद तू मोडतूस."

"मोडतो, अक्का. आईला हे कळलं असतं तर तिनंच मोडला असता. आणि ऐक. रेश्माला हेच झालं असावं. डॉक्टरबाई म्हणतात खात्री तुमच्या रक्तावरून होईल, पण लक्षणं तीच. दूध नव्हतं ते. रक्त होतं, तिच्या जन्माच्या आधीपासून तिच्यात होतं. आणि दोघांकडून आल्याशिवाय ते होतच नाही."

तिचे हात थांबले. "दूध" हा शब्द मी तिच्यापुढे कधी उच्चारला नव्हता. तिने लसणाच्या साली हाताने एका जागी गोळा केल्या. मग लहान पोरीने विचारावं तसं तिने विचारलं,

"मंग मुंगी का मेली रं?"

"बुडून मेली, अक्का. आमच्या कपिलीच्या दुधातही मेली. तुझा करण ज्या गाईवर वाढला तिच्याच वेलीतली ती. पाण्यातही मरायलाच टेकली होती, मी काढली म्हणून वाचली. मी करून बघितलं."

"तू करून बघितलंस?"

"व्हय."

"मुंगी मारलीस? माळकरी मानूस तू!" ती एवढं बोलली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. पदर तोंडात धरून ती हलत होती. हसते की रडते ते मला कळेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

वर बघितलं तर दाजी दारात उभे. ओट्यावरून कधी उठले कळलं नाही. तंबाखूची चिमूट तशीच बोटांत होती. त्यांनी ती बाहेर झटकली, आत आले, सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि उघडा हात माझ्यापुढे धरला, जणू सुई माझ्याच खिशात आहे.

"आधी माजं बघा," ते म्हणाले. "आजवर समद्यांनी हिचंच बघितलं."

अक्काने पदर खाली घेतला. "संगमनेरला जावं लागतंय त्यासाठी," ती म्हणाली. "सारा बाही खाली."

उद्या सकाळच्या एसटीने दोघं येणार आहेत. हिरवं कापड परत पाठवतो म्हटलं, तर अक्काने नाकारलं. म्हणाली, ज्ञानू जिथं जाईल तिथं नेसून जाऊ दे. कागद आता ज्ञानूच्या फायलीत लावला आहे. अक्काला जे सांगायचं होतं, ते आज सांगून आलो.